डोंगराच्या तीन शिट्ट्या

कातळवाडीत कातळ सोडून बाकी सगळं होतं. मुरूम होता, मुरमावर उभी केलेली घरं होती, त्या घरांवर चढवलेली घरं होती, आणि शेजारची भिंत उभी आहे म्हणून उभ्या असलेल्या भिंती होत्या. शहराच्या नकाशात या जागी हिरवा रंग होता. म्हणजे सरकारी दृष्टीने तिथे दाट झाडी होती. त्या झाडीत चार हजार माणसं राहत होती आणि वीजबिल भरत होती.

अशा या वस्तीने आपत्ती सरावात राज्यात पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा सगळ्यात जास्त आश्चर्य कातळवाडीलाच वाटलं.

सराव साधा होता. महिन्याच्या एका शनिवारी सकाळी भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की डोंगर कोसळतोय असं समजून घर सोडायचं आणि खालच्या शाळेच्या मैदानात जमायचं. प्रत्येकाला शर्टाच्या बटणाएवढा एक बिल्ला दिलेला. मैदानाच्या फाटकात एक मोजणीचा खांब. बिल्ला खांबाजवळून गेला की तो माणूस वाचला. कातळवाडीची हजेरी शंभर टक्के. म्हातारे हजर, बाळंतिणी हजर, अंथरुणाला खिळलेले हजर. वरच्या आळीतला एक जण तर गावी स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभा असताना इथे मैदानात हजर होता.

हा चमत्कार घडवला रोहिणी तुपसुंदरने. ती वस्तीची ‘आपत्ती ताई’. तिला पालिकेने नारिंगी जाकीट दिलं होतं, एक शिट्टी दिली होती आणि ‘चला, सजग होऊ या’ हा पडद्यावर दाखवायचा एकशेवीस चित्रांचा संच दिला होता, जो तिने स्वतःही शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

पहिल्या सरावाला बरीचशी माणसं खरंच आली. दुसऱ्याला निम्मी आली, पण न आलेल्यांचे बिल्ले त्यांनी सोबत आणले. यात कुणाला काही गैर वाटलं नाही, कारण कातळवाडीत रांग अशीच लागायची. नळावर हंडा ठेवायचा, रेशनला पिशवी ठेवायची, सार्वजनिक संडासापुढे डबा ठेवायचा आणि माणसाने जाऊन आपली कामं करायची. डब्याचा नंबर मालकाइतकाच पक्का. कुणाचा डबा मागे सारला तर खून पडायची वेळ यायची. माणसाला मागे सारलं तर फक्त शिवीगाळ. चौथ्या सरावापासून प्रत्येक गल्लीतून एकच बाई बादली घेऊन खाली उतरू लागली. बादलीत गल्ली. पाळ्या रोहिणीनेच लावून दिल्या होत्या, कारण पाळ्या नसत्या तर भांडणं झाली असती, आणि भांडणं आपत्तीत मोडत नव्हती.

शंभर टक्क्यांचं बक्षीसही ठरलं होतं: डोंगराच्या उताराला काँक्रीटची संरक्षक भिंत. ती मिळाली की बिल्ल्यांचं पाप धुऊन निघेल, असा रोहिणीचा हिशोब होता. भिंत तिला घरच्यांसाठी हवी होती. तिचं घर सगळ्यात वरच्या आळीत, उताराच्या थेट तोंडाशी होतं, आणि तिची सासू गयाबाई गुडघ्यांमुळे दोन वर्षांत त्या आळीतून खाली उतरलेली नव्हती.

“आत्या, एकदा तरी सरावाला या. खुर्चीत बसवून नेऊ,” रोहिणी म्हणायची.

“माझा बिल्ला न्हेतीस न्हवं? मग झालं की. मी घर सोडून येत नसते.”

“पण डोंगर आला तर?”

“इतकी वर्षं मी त्याच्याकडं गेले न्हाई. तो कशाला माझ्याकडं येतोय?”

यावर त्या एकशेवीस चित्रांत उत्तर नव्हतं.

*

मे महिन्यात डॉक्टर केतकी सामंत आली. ही औषधाची डॉक्टर नव्हे, जमिनीची. हिवाळ्यात तिने रोहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे विलासच्या खोलीत एक पेटी ठेवली होती. विलास वस्तीला इंटरनेट पुरवायचा. त्याच्या काचेच्या तारा प्रत्येक गल्लीतून, गटाराच्या कडेने, भिंतींना बांधून वरच्या आळीपर्यंत गेल्या होत्या. केतकीला त्यातली एक रिकामी तार हवी होती. विलासने ती आनंदाने दिली. आपल्या तारेला कुणी डॉक्टर तपासायला येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

“तारेत प्रकाश सोडला की तो सगळाच्या सगळा पुढे जात नाही, रोहिणीताई,” केतकीने चहा घेता घेता समजावलं. “काच कितीही शुद्ध असली तरी आत बारीक बारीक असमानपणा असतोच. त्याला आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. आता तार कुठेतरी केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली गेली, तरी तिथून परतणारा प्रकाश बदलतो. तो परतायला किती वेळ लागला यावरून ती जागा कळते. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर एकेक कान झाला. विलासभाऊंच्या तारा म्हणजे डोंगराला लावलेले हजारो कान आहेत.”

“आणि डोंगर बोलतो?”

“कोसळायच्या आधी कुरकुरतो. पाणी मुरलं की मुरमाचे दाणे एकमेकांवरची पकड सोडतात, घासतात, सरकतात. आधी अधूनमधून, मग भराभर. ते ऐकू आलं तर काही तास आधी सांगता येईल. अडचण एकच. तुमची वस्ती डोंगरापेक्षा फार जास्त बोलते.”

“ते खरं आहे.”

“म्हणून तर तुमचे सराव माझ्या कामाला आले! सरावाच्या वेळी वस्ती पूर्ण रिकामी. तेव्हा तारेत जो आवाज येतो तो फक्त डोंगराचा. मी पेटीतल्या यंत्राला तेच शिकवलंय: हा निरोगी डोंगर. यापेक्षा वेगळं काही ऐकलंस तर ओरड.” केतकीने कप खाली ठेवला आणि आवाज खाली आणला. “आणि ताई, तुमचा डोंगर साधासुधा नाही. हे ऐका.”

तिने कानांवर लावायचा हेडफोन रोहिणीला दिला. रोहिणीने ऐकलं. लांबवर, खोल, भिंतीपलीकडून यावी तशी एक शिट्टी. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. मग शांतता.

“तीन शिट्ट्या,” केतकी कुजबुजली. “प्रत्येक सरावात, वरच्या आळीखालून. वायू अडकून सुटत असावा. जगात कुठल्याच डोंगरात अशी नोंद नाही. मी यावर प्रबंध लिहायला घेतलाय.”

रोहिणीचा चेहरा पाहून केतकीला वाटलं, हिला विज्ञानाची भव्यता जाणवली. रोहिणीला जाणवली होती ती तुरीची डाळ. गयाबाई तीन शिट्ट्यांवर कुकर बंद करते. चौथीला डाळीचा गाळ होतो, असं तिचं ठाम मत होतं.

“त्यानंतर धप, धप असंही येतं बघा. तालात. ते खडकाचं आतलं आकुंचन.”

तो ठेचा होता. खलबत्त्यातला.

*

त्या दिवशी रोहिणीने भाकऱ्या करपवल्या. यंत्राला काय शिकवलं गेलं होतं ते तिला नीट कळलं होतं, हीच पंचाईत होती. भरली वस्ती म्हणजेच रिकामी वस्ती, असं ते शिकलं होतं. उद्या डोंगरातून धप धप आलं तर ते म्हणणार, रोजचंच आहे, झोपा. बादल्या भरभरून खोटे बिल्ले खाली नेऊन तिने डोंगराच्या हजारो कानांत बोळे घातले होते.

सांगावं, तर शंभर टक्के गेले. शंभर टक्के गेले, तर भिंत गेली. भिंतीचा कार्यक्रम पुढच्याच आठवड्यात होता. साहेबांसाठी शालसुद्धा आणून झाली होती. न सांगावं, तर भिंत होईल. पण कधी? पालिकेच्या कामाचा वेग तिला माहीत होता, डोंगराचा नव्हता.

“अहो, काय करू?” तिने विलासला विचारलं.

“गप्प बस,” विलास म्हणाला. मग भाकरीचा करपलेला भाग काढत बसला. “आई वर असते ना दिवसभर,” तो थोड्या वेळाने म्हणाला.

रोहिणीने दुसऱ्या दिवशी केतकीला घरी जेवायलाच बोलावलं. गयाबाईने कुकर चढवला. पहिल्या शिट्टीला केतकी गप्पा मारत होती. दुसरीला थांबली. तिसरीला तिने हळूच आपल्या कानांवरून हात फिरवला, जणू तो हेडफोन अजून तिथेच आहे. मग गयाबाईने खलबत्ता पुढे ओढला.

केतकी बोटांवर ठोके मोजू लागली.

“प्रबंध किती लिहून झाला होता, मॅडम?” रोहिणीने चाचरत विचारलं.

“बराच.”

“मला माफ करा. बिल्ले खाली जायचे. माणसं घरीच असायची. मीच पाळ्या लावल्या होत्या.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी प्रबंधाने आलं की ठेच्याने, ते कळायला मार्ग नव्हता. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

“माझं पण चुकलं,” ती पाणी पिऊन म्हणाली. “मी खांबाला विचारलं. कुणाच्या घरात डोकावले नाही. बरं, आता मला एक तास द्या. खरोखरची रिकामी वस्ती. एकही माणूस नको, एकही पंखा नको. पावसाआधी.”

*

समाजमंदिरातली सभा रोहिणीला जन्मभर पुरेल अशी झाली. रोहिणीने पालिकेला खरं कळवलं आणि भिंत आता पलीकडच्या वस्तीला जाणार, हे कळल्यावर पहिला अर्धा तास तिच्या माहेरच्या पिढ्यांचा उद्धार झाला. दुसरा अर्धा तास तारेचा.

“म्हणजे आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं होय?” शिवणकाम करणाऱ्या अंजुमभाभीने कमरेवर हात ठेवून विचारलं.

“शब्द नाही कळत,” केतकीने घाईने सांगितलं. “भिंतीला तार घट्ट बांधली असेल तिथे फक्त भांडणाचा सूर कळतो.”

“अगं बाई, सूर कळला तरी बस झालं. लफ्ज तर सगळ्या गल्लीला पाठ आहेत!”

हसू फुटलं, पण राग गेला नाही. तार तोडा, अशी मागणी आली. विलास शेवटच्या रांगेत बसून विमनस्कपणे आपल्या पकडीकडे पाहत होता. शेवटी असं ठरलं की पेटी वस्तीतच राहील, किल्ली अंजुमभाभीकडे, आणि बाहेर जाईल तो फक्त डोंगराचा आवाज. घराचा आवाज घरात. केतकीने ते लिहून दिलं. अंजुमभाभीने किल्ली ब्लाउजात ठेवली, म्हणजे शहरातल्या कुठल्याही तिजोरीपेक्षा सुरक्षित जागी.

“आता एक तास सगळ्यांनी खाली यायचं,” रोहिणी म्हणाली.

माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली. भिंत गेली म्हणून शिव्या देणारी तोंडं बंद झाली. रोहिणीला हे कळेना. आळस असता तर कुणीतरी विनोद केला असता.

घरी आल्यावर ती गयाबाईपुढे बसली. जाकीट काढून ठेवलं. “आत्या, खरं सांगा. गुडघ्यांचं जाऊ द्या. घर का सोडत नाही?”

गयाबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“विल्या झोळीत व्हता तवा. आमची झोपडी दुसरीकडं व्हती, खाडीच्या कडंला. एक दिवस जीप आली. बायांनो, शिबिर हाय, पोरांना मोफत डोस हाय, समद्यांनी मैदानात या. समद्या गेलो. विल्याला डोस पाजला, फुगा बी दिला. परत आलो तर झोपड्याच न्हाईत. सपाट. माणूस घरात बसलेलं दिसलं की बुलडोझर जरा थांबतो गं. रिकामं घर दिसलं की थांबत न्हाई.” तिने पाकळी वाटीत टाकली. “या वस्तीत निम्मी घरं तिथलीच हायत. तू मैदानात या म्हणतीस तवा आमाला तो फुगा दिसतो.”

रोहिणी लग्न होऊन या घरात आली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तिने सासूला मिठाचं प्रमाण विचारलं होतं, देवाचे वार विचारले होते. हे कधी विचारलं नव्हतं. एकशेवीस चित्रांत डोंगर, पाऊस, भेगा, दोरी, टॉर्च, सुके खजूर सगळं होतं. बुलडोझर नव्हता.

“मग काय केलं तर याल?”

गयाबाईने विचार केला. “बुलडोझर ज्याच्या सहीनं येतो, तो साहेब आमच्यासंगं मैदानात बसला तर. तासभर. माझ्या म्होरं. त्याची जीप बी.”

*

उपायुक्त पाटकरांनी आयुष्यात पुष्कळ निवेदनं स्वीकारली होती, पण ‘आपण सतरंजीवर येऊन बसावे’ असं निवेदन पहिलंच. शंभर टक्क्यांच्या प्रकरणाने ते आधीच चिडले होते. त्यांनी सौजन्य म्हणून आपल्या कार्यालयातल्या एका तरुण कारकुनाला पाठवलं.

कारकून मैदानात येऊन बसला तेव्हा गयाबाई प्लास्टिकच्या खुर्चीतून, चार खांद्यांवरून, दोन वर्षांनी खाली उतरत होती. ती अर्ध्या पायऱ्यांवर थांबली. तिच्यामागे वरची आळी थांबली. आळीमागे वस्ती.

“साहेब तुमीच का?”

“नाही, साहेबांनी मला त्यांच्या जागी पाठवलंय.”

“बाळ, रांगेत डबा ठेवायची रीत आमची हाय. साहेबांनी कधीपास्नं सुरू केली? फिरवा खुर्ची!”

पाटकर स्वतः आले. सतरंजीवर बसायला त्यांना त्रास झाला, कारण त्यांचेही गुडघे गयाबाईच्याच जातीचे निघाले. दोघांनी मलमांची चर्चा केली. जीप समोर उभी होती. तिच्या टायरला टेकून चार जण बसले होते, सहज बसावं तसे. अंजुमभाभीने गल्लीगल्लीतून फिरून शेवटचा पंखा बंद केला आणि मग सगळ्यांत शेवटी स्वतः उतरली. पहिल्यांदाच कातळवाडीत कुणी नव्हतं.

केतकी डोळे मिटून ऐकत होती. बऱ्याच वेळाने तिने रोहिणीला खुणावलं.

आधी रोहिणीला काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. मंद आचेवर खसखस भाजावी तशी अगदी बारीक तडतड. थांबत, पुन्हा येत.

“हा डोंगर,” केतकी म्हणाली. “आणि ही तडतड वरच्या आळीखाली आहे. आज घाबरायचं कारण नाही. पण तो हलतोय. आता वाढली की यंत्राला कळेल. नेहमी बरोबर कळेल असं नाही हं. कधीकधी ते उगाच ओरडेल.”

“हे तुम्ही सगळ्यांना सांगा,” रोहिणी म्हणाली. “उगाच ओरडेल ते आधी सांगा.”

*

यंत्र उगाच ओरडलं. आषाढात एकदा, मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा कातळवाडी खाली उतरली, दोन्ही वेळा गयाबाईने आधी फोन लावला: “साहेब, सतरंजी टाकलीय. या.” दोन्ही वेळा पाटकर आले, आणि दोन्ही वेळा डोंगर जागचा हलला नाही. रोहिणीने प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की आज फुकट खेटा झाला, आणि केतकीने तो का झाला ते सांगितलं. टोमणे झाले. “डोंगराला अपचन झालं असेल,” कुणी म्हणालं. पण गल्लीगल्लीच्या बाया आता खांबाकडे न पाहता चेहरे मोजत होत्या, आणि खुर्ची उचलणाऱ्यांना कुठल्या पायरीवर पाय तिरका टाकायचा ते अंगवळणी पडलं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी, तीन दिवसांच्या संततधारेनंतर, भोंगा तिसऱ्यांदा वाजला. रोहिणी धुणं पिळत होती. तिचे हात थांबले. पुन्हा सगळ्यांना उठवायचं, पुन्हा चिखल, पुन्हा टोमणे. आणि काही झालं नाही तर चौथ्या वेळी कोण येणार?

आतून आवाज आला. “अगं, बघत काय बसलीस? उचला की मला!” गयाबाई खुर्चीत बसून होती. फोन कानाला. “साहेब, निघालात का? आज जरा लौकर या.”

“आत्या, पुन्हा फुकट असलं तर?”

“फुकट तर फुकट. घरी बसून तरी कोण पगार देतंय?”

खुर्ची खाली पोचेस्तोवर निम्मं मैदान भरलं होतं. बाया मोजत होत्या. पाटकर पँट दुमडून चिखलात उभे होते, छत्री उलटी झालेली. अंजुमभाभीची गल्ली पुरी झाली. मधली पुरी झाली. वरच्या आळीत दोन माणसं कमी पडली; शेजारचा आजारी म्हातारा आणि विलास. रोहिणीने पुन्हा मोजलं. तेवढ्यात तो पायऱ्या उतरताना दिसला, पाठीवर म्हातारा घेऊन. तिने त्याला मोजलं, म्हाताऱ्याला मोजलं आणि मग नवऱ्याच्या पाठीत एक धपका घातला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी अपचनाचा विनोद सुरू केला. तो पूर्ण झाला नाही.

आवाज मोठा नव्हता. दगडांनी भरलेला ट्रक दूर कुठे रिकामा करावा तसा. वरच्या आळीचा डावा भाग आधी वाकला, मग बसला, मग तिथे फक्त लाल चिखल होता. गयाबाईचं घर होतं तिथे एक पत्रा उभा राहिला, हलला आणि सावकाश आडवा झाला. बाया पुन्हा मोजू लागल्या, मोठ्याने, नावं घेऊन. सगळी नावं ओ देत होती.

गयाबाई बराच वेळ वर पाहत राहिली. पाटकर तिच्या शेजारी उभे होते.

“या बारीला बी पाडलं,” ती शेवटी म्हणाली. “पण सांगून पाडलं.”

मग तिने साहेबांकडे पाहिलं. “आता नवी जागा कुठं देताय ते इथंच बोला. सतरंजी हायच.”

*

नवी घरं खाली, गोदामांच्या मागच्या सपाट जागेवर झाली. झाली म्हणजे जोती झाली, उरलेलं होतंय. त्यासाठी पाटकरांना आणखी बऱ्याचदा सतरंजीवर बसावं लागलं. संरक्षक भिंत पलीकडच्या वस्तीत उभी राहिली. उद्घाटनाचा दगड भिंतीच्या आधी बसला.

दिवाळीनंतर नाल्याकाठच्या तबेला वस्तीतून रोहिणीला बोलावणं आलं. तिथे तार टाकली होती, यंत्र बसवलं होतं, आणि पूर येणार म्हटलं तरी कुणी घराबाहेर पडत नव्हतं. रोहिणी गेली. सोबत गयाबाई, खुर्चीसकट. तिथल्या कार्यकर्त्याने पडदा लावून ठेवला होता.

“ताई, किती चित्रं दाखवणार?”

“एकही नाही,” रोहिणी म्हणाली आणि खाली लोकांत जाऊन बसली. “मला फक्त एवढं सांगा, घर सोडून निघायचं म्हटलं की तुमच्या पोटात नेमकं कशाने गोळा येतो?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणी हसलं. कुणी म्हणालं, कशानेच येत नाही. गयाबाईने पानाचा डबा उघडला आणि निवांत चुना लावू लागली. तिला घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने मागून एक बाई उठली. पदर नीट केला, खाली बसली, पुन्हा उठली.

“माझी म्हैस आहे,” ती म्हणाली. “माळ्यावरच्या गोठ्यात. ती उतार चढते. उतरत नाही. तिला टाकून कशी निघू?”

सगळे हसले. ती बाई हसली नाही.

रोहिणीही हसली नाही. ती सरकून तिच्याजवळ गेली.

“बरं,” ती म्हणाली. “मग म्हशीपासूनच सुरू करू. नाव काय तिचं?”